डॉक्टर आणि पेशंट यांच्या मध्ये

८ ऑगस्ट २००९, शनिवार. एडिसन, न्यू जर्सी

अलास्काच्या माजी गव्हर्नर सेरा पेलिन यांनी काल फेसबुकवर लिहिलं की ओबामांच्या आरोग्यविमा योजनेत माझ्या आईवडिलांना आणि डाउन सिंड्रोम असलेल्या माझ्या बाळाला 'डेथ पॅनल'पुढे उभं राहावं लागेल, आणि ते उपचारांच्या लायकीचे आहेत की नाहीत हे सरकारी अधिकारी ठरवतील. आज टीव्हीवर दुसरा विषय नाही. दुपारी ओक ट्री रोडवर किराणा आणायला गेले, तर तिथेही दोन मराठी गृहस्थ हेच बोलत उभे होते. "म्हाताऱ्यांच्या जिवावर उठलेत हे," त्यातले एक म्हणाले. स्वतः सत्तरीचे असावेत. चेहऱ्यावर खरी भीती होती.

संध्याकाळी विधेयक उघडून बसले. हजाराच्या वर पानं आहेत. हे काहूर ज्यावरून उठलं ते कलम १२३३. मेडिकेअरवरच्या, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यावरच्या, माणसाला आपल्या शेवटच्या दिवसांबद्दल डॉक्टरशी बोलायचं असेल, म्हणजे व्हेंटिलेटर हवा की नको, हॉस्पिसमध्ये जायचं का, शुद्ध हरपली तर आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा, तर त्या वेळेचे पैसे मेडिकेअर डॉक्टरला देईल. साधारण पाच वर्षांतून एकदा, आणि त्या माणसाची इच्छा असेल तरच. बस. आज या बोलण्याचे पैसे मिळत नाहीत, म्हणून ते होतच नाही, आणि मग आयसीयूच्या दारात सख्खी भावंडं एकमेकांवर ओरडतात. इथल्या मराठी घरांतही ते झालेलं मी पाहिलं आहे.

माझा राग मात्र दुसऱ्याच गोष्टीचा आहे. मी एका हृदयरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात बिलिंग बघते. या आठवड्यात एका बाईंची न्यूक्लिअर स्ट्रेस टेस्ट करायची होती. जिना चढताना छातीत दुखतं, वडील आणि भाऊ दोघेही हृदयविकाराने गेले. निदानाचा कोड ७८६.५०, छातीतलं दुखणं. विमा कंपनीची आधी मंजुरी लागते. ती नाकारली गेली; कारण, 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही'. मग डॉक्टरांनी स्वतः कंपनीच्या डॉक्टरशी बोलायचं. बाहेर पेशंट खोळंबलेले, आणि आमचे डॉक्टर फोनला कान लावून संगीत ऐकत बसलेले. पलीकडे आलेला माणूस डॉक्टर होता, पण हृदयरोगाचा नव्हे. त्याने त्या बाईंना पाहिलं नव्हतं आणि कधी पाहणारही नव्हता. समोरच्या पडद्यावरचे प्रश्न तो एकामागून एक वाचत गेला. शेवटी, "आधी साधी ट्रेडमिल टेस्ट करा, मग बघू." बाई गुडघ्यांमुळे ट्रेडमिलवर चालूच शकत नाहीत, हे आम्ही अर्जातच लिहिलं होतं.

सरकार डॉक्टर आणि पेशंट यांच्या मध्ये येऊन बसेल, असं जो तो सांगतो आहे. तिथे आधीच कोणीतरी बसलेलं आहे. त्याच्याशी मी रोज फोनवर बोलते.

१२ ऑगस्ट, बुधवार

पेनसिल्व्हेनियातल्या लेबनन गावी काल सिनेटर आर्लेन स्पेक्टर यांची सभा झाली. एक माणूस उठून त्यांच्या तोंडासमोर ओरडला, देव एक दिवस तुमचा न्याय करील म्हणाला. स्पेक्टर तिथेच उभे राहिले. स्पेक्टर यांनी स्वतः दोनदा कॅन्सरशी झुंज दिली आहे. ते ओरडणं बघताना मला ते लोक वाईट वाटले नाहीत. घाबरलेले वाटले. नोकऱ्या जाताहेत, घरं जप्त होताहेत, आणि आता कोणीतरी येऊन सांगतं आहे की हातात आहे तेही जाणार.

पण गेल्या महिन्यात साउथ कॅरोलिनात एक माणूस काँग्रेस सदस्य बॉब इंग्लिस यांना म्हणाला, सरकारने माझ्या मेडिकेअरला हात लावू नये. मेडिकेअर सरकारचीच आहे हे इंग्लिस यांनी परोपरीने सांगितलं, त्याला पटेना.

मेडिकेअर म्हणजे काय ते बिलिंगवाल्या माणसाला विचारावं. ६५ वर्षं पूर्ण झाली की मिळते. बिल पाठवलं की दोन आठवड्यांच्या आसपास पैसे जमा होतात. दर कमी आहेत, डॉक्टर कुरकुरतात, नियमांची जाडजूड पुस्तकं आहेत; पण नियम सगळ्यांना एकच आणि छापलेले. खाजगी कंपन्यांचं तसं नाही. प्रत्येकीच्या योजना वेगळ्या, प्रत्येक योजनेचे अपवाद वेगळे. आमच्या लहानशा दवाखान्यात पेशंट तपासणाऱ्यांपेक्षा कागद हाकणारी माणसं जास्त आहेत.

आणि ही मेडिकेअर तरी सुखासुखी आली का? ट्रुमन यांनी १९४५ मध्ये सगळ्या देशासाठी विमा मागितला, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने 'समाजवादी वैद्यक' म्हणून तो हाणून पाडला. १९६१ मध्ये म्हाताऱ्यांपुरता विषय निघाला, तर त्याच संघटनेने तेव्हा नट असलेल्या रोनाल्ड रेगन यांच्या आवाजात एक ध्वनिमुद्रिका काढली. डॉक्टरांच्या बायकांनी शेजारणींना कॉफीला बोलवायचं आणि ती ऐकवायची, अशी ती मोहीम. अखेर ३० जुलै १९६५ ला जॉन्सन यांनी ट्रुमन यांच्या गावी जाऊन, त्यांच्या शेजारी बसून सही केली. पुढच्या वर्षी मेडिकेअरचे पैसे हवे असतील तर काळ्या-गोऱ्यांचे वॉर्ड वेगळे ठेवता येणार नाहीत असं सरकारने बजावलं, आणि दक्षिणेतल्या शेकडो हॉस्पिटलांनी काही महिन्यांत ते एक केले.

आपल्या माणसांना हे ठाऊक नसतं. १९६५ च्या ऑक्टोबरात स्थलांतराचा नवा कायदा आला आणि इथे डॉक्टरांची दारं उघडली. पुणे-मुंबई-नागपूरहून आलेल्या त्या पहिल्या पिढीने हॉस्पिटलांत रेसिडेन्सी केली, तिच्या खर्चाचा मोठा वाटा मेडिकेअरने उचलला. त्यांतले कित्येक जण आज गणपतीत, दिवाळीत भेटले की 'सरकारने आरोग्यात पडू नये' म्हणतात.

२३ ऑगस्ट, रविवार

गणेश चतुर्थी. दरवर्षीप्रमाणे आरतीला काकांकडे. नात्याचे नव्हेत, पण आम्ही इथे आलो तेव्हापासून आमचे काका-काकू तेच. काका ५८ वर्षांचे. एका औषध कंपनीत रसायनशास्त्रज्ञ होते. फेब्रुवारीत नोकरी गेली. न्यू जर्सीत औषध कंपन्यांची विलीनीकरणं चालली आहेत, त्यात पन्नाशीपुढची माणसं पहिली बाहेर पडतात. काकांना तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे आणि काकूंना मधुमेह.

मोदक वाढून झाल्यावर काकूंनी फडताळातून प्लास्टिकची फाइल काढली. "तू या कामातली आहेस, जरा बघ गं." कोब्राचे कागद होते. नोकरी गेली तरी जुन्या कंपनीचाच विमा अठरा महिने चालू ठेवता येतो, पण मालक भरत होता तो वाटाही आपण भरायचा, वर २ टक्के व्यवस्थापन खर्च. दोघांचा हप्ता महिना हजार डॉलरच्या घरात. सध्या ओबामांच्या फेब्रुवारीतल्या कायद्यामुळे ६५ टक्के सरकार भरतं, काकांना साडेतीनशेच्या आसपास पडतं. ही सवलत नऊ महिन्यांची, म्हणजे नोव्हेंबरअखेर संपते. काकूंनी पेन्सिलीने समासात महिने लिहून ठेवले होते, एकेक खोडत आणले होते.

काका म्हणाले, "अगं, मी तीस वर्षं हप्ते भरले. आजारी पडलो तो नोकरीत असताना. आता नोकरी नाही, तर आजार माझा एकट्याचा?"

नोकरी आणि विमा यांची ही गाठ कोणी विचार करून मारलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात पगार गोठवले गेले. कामगार मिळेनात म्हणून मालकांनी पगाराऐवजी विमा देऊ केला. पुढे १९५४ च्या करकायद्यात त्यावर कर लागणार नाही असं पक्कं झालं. युद्ध संपलं, गाठ राहिली. गेल्या वर्षी नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी हप्ता वर्षाला १२,६८० डॉलर होता. मालक भरतो तोवर कोणाच्या हे लक्षात येत नाही. एच-वन व्हिसावरच्या आपल्या मुलांचं तर दुप्पट: नोकरी गेली की विमाही जातो आणि देशात राहायचा परवानाही.

२६ ऑगस्ट, बुधवार

काल रात्री टेड केनेडी गेले. मेंदूचा कॅन्सर. जवळजवळ चाळीस वर्षं सिनेटमध्ये हा एक विषय त्यांनी सोडला नाही. १९७४ मध्ये निक्सन यांनी मालकांना विमा सक्तीचा करणारी योजना मांडली होती. तेव्हा तडजोड जमली नाही, याची खंत केनेडींनी पुढे बोलून दाखवली. आजच्या विधेयकात जे आहे ते निक्सन यांच्या त्या योजनेहून फारसं पुढे नाही. पस्तीस वर्षं मध्ये गेली. त्यांच्या जाण्याने डेमोक्रॅट्सची साठावी जागा आता रिकामी आहे आणि सिनेटमध्ये चर्चा थांबवून मतदान घ्यायला साठच लागतात.

१० सप्टेंबर, गुरुवार

काल रात्री ओबामांचं दोन्ही सभागृहांपुढे भाषण. या कामाला हात घालणारा मी पहिला राष्ट्राध्यक्ष नाही, पण शेवटचा ठरायचं मी ठरवलं आहे, म्हणाले. बेकायदा राहणाऱ्यांना याचा लाभ नाही असं सांगत असताना साउथ कॅरोलिनाचे जो विल्सन बसल्या जागेवरून 'तुम्ही खोटं बोलताय' म्हणून ओरडले. आज सगळी चर्चा त्या ओरडण्याची.

मला त्या वाक्याच्या अलीकडची गोष्ट खुपली. त्यांना लाभ नाही हे अभिमानाने सांगावं लागलं. ती माणसं इथल्या हॉटेलांत भांडी घासतात, छपरं शाकारतात. अपघात झाला की इमर्जन्सीत येतात, आणि १९८६ च्या कायद्याने हॉस्पिटलला त्यांना सावरल्याशिवाय बाहेर काढता येत नाही. तो खर्च हॉस्पिटल दुसऱ्यांच्या बिलात घालतं. मग त्यांना स्वतःच्या पैशाने तरी विमा घेऊ द्यावा की नाही? हे म्हणायची छाती कोणातच नाही.

आजच जनगणना खात्याचे आकडे आले. २००८ मध्ये विमा नसलेली माणसं ४ कोटी ६३ लाख. विल्सन यांच्या आरोळीत ते बुडून गेले.

८ नोव्हेंबर, रविवार

काल रात्री उशिरा प्रतिनिधिगृहात विधेयक पास झालं. २२० विरुद्ध २१५. रिपब्लिकनांचं एकच मत मिळालं, लुइझियानाचे जोसेफ काओ. आमच्या भागाचे सदस्य फ्रँक पलोन आरोग्य उपसमितीचे अध्यक्ष, त्यामुळे इथे जरा आनंद जास्त. पण त्याआधी सदस्य स्टुपाक यांची दुरुस्ती २४० विरुद्ध १९४ ने घुसली: सरकारी मदत मिळणाऱ्या कुठल्याही योजनेत गर्भपाताचा खर्च नाही. बायकांच्या उपचारांवर सौदा केल्याशिवाय यांचं पान हलत नाही.

आज आमच्या डॉक्टरांशी फोनवर वाद झाला. रविवारी सुद्धा ते दवाखान्यात असतात. त्यांना सक्ती पटत नाही. "धडधाकट पोराला सरकारने विमा घ्यायला का लावावं?" मी त्यांना आपल्याच राज्याची गोष्ट सांगितली. न्यू जर्सीत १९९३ पासून नियम आहे की, स्वतःचा विमा घेणाऱ्याला आजारी आहे म्हणून नाही म्हणायचं नाही, आणि आजारामुळे जास्त हप्ताही लावायचा नाही. न्यायाचा कायदा. पण विमा घ्यायची सक्ती ठेवली नाही. धडधाकट तरुण बाहेर राहिले, आजारी तेवढे आत आले, हप्ते चढले. चढले म्हणून आणखी निरोगी माणसं बाहेर पडली. बिशीत ज्यांचा नंबर लागून गेला त्यांनी पुढचे हप्ते भरलेच नाहीत, तर मागे राहिलेल्यांची जी गत होते तीच. मॅसॅच्युसेट्सने २००६ मध्ये शहाणपण केलं: सगळ्यांनी घ्यायचा, गरिबाला मदत मिळेल. सही करणारे गव्हर्नर रिपब्लिकन मिट रॉम्नी, आणि सक्तीची कल्पना १९८९ मध्ये हेरिटेज फाउंडेशन या उजव्या संस्थेने मांडलेली. डॉक्टर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग खटल्यांचं काय?" तो त्यांचा मुद्दा खरा आहे. खटल्याच्या भीतीने किती चाचण्या होतात ते मी बिलांत बघते.

९ डिसेंबर, बुधवार

काकांचा सकाळी सातला फोन. "ऐकलंस का? पंचावन्नपासून मेडिकेअर!" सिनेटमधल्या डेमोक्रॅट्सनी सरकारी विमा कंपनीचा पर्याय सोडला, आणि त्याबदली ५५ ते ६४ वयाच्या माणसांना स्वतःचा हप्ता भरून मेडिकेअर विकत घेता येईल अशी तडजोड निघाली आहे. १ डिसेंबरपासून काकांची सवलत संपली, पूर्ण हप्ता चालू झाला. ते ५८ चे आहेत. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या आवाजात उभारी ऐकली. लगेच हिशेबही करून ठेवला त्यांनी.

मला सरकारी कंपनीचा पर्याय गेला याचं दुःख आहे. या सगळ्या विधेयकात कंपन्यांना खरी धास्ती होती ती त्या एका गोष्टीची. पण मेडिकेअरचं दार दहा वर्षं आधी उघडत असेल तर ते त्याहूनही चांगलं. ते चालवायची रीत सगळ्यांना माहीत आहे. उद्यापासून मी बिलं पाठवू शकेन.

१५ डिसेंबर, मंगळवार

संपलं. कनेटिकटचे सिनेटर जो लिबरमन रविवारी टीव्हीवर म्हणाले, मेडिकेअरचा हा विस्तार असेल तर माझं मत नाही. काल संध्याकाळी तो काढून टाकला गेला. साठावं मत त्यांचं. हेच लिबरमन २००० मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाला उभे होते तेव्हा हीच कल्पना त्यांच्या जाहीरनाम्यात होती. गेल्या सप्टेंबरातही ते तिच्याबद्दल चांगलं बोलले होते. त्यांच्या राज्याची राजधानी हार्टफर्ड, विमा कंपन्यांचं गाव.

काकांना फोन करायला हात उचलेना. शेवटी काकूंनीच केला. "टीव्ही बंद केलाय त्यांनी," म्हणाल्या.

एका माणसाने एका रविवारी एका मुलाखतीत लक्षावधी माणसांचा विमा पुसून टाकला. पॅनल हवंच असेल तर ते हे.

२४ डिसेंबर, गुरुवार

सकाळी सातला सिनेटचं मतदान, ६० विरुद्ध ३९. ९२ वर्षांचे रॉबर्ट बर्ड चाकाच्या खुर्चीतून आले, हात वर करून म्हणाले, हे माझ्या मित्रासाठी, टेड केनेडीसाठी. मी ऑफिसला निघता निघता दारात थांबून बघितलं.

साठावं मत मिळवायला नेब्रास्काचे सिनेटर बेन नेल्सन यांना त्यांच्या राज्याचा मेडिकेडचा, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्याचा, वाढीव खर्च केंद्र सरकार कायमचा भरेल असं कबूल केलंय. लोक चिडलेत, आणि चिडायलाच हवं. चांगलं काम असं केलं की त्याला डाग लागतो आणि विरोधकांना तोच डाग पुरतो. काकांसाठी एक बातमी मात्र आली: संरक्षण खात्याच्या विधेयकात घालून कोब्राची सवलत नवावरून पंधरा महिने केली. कायद्याच्या कुठल्या पोटात काय दडलेलं असेल सांगता येत नाही. त्यांना लगेच कळवलं.

२० जानेवारी २०१०, बुधवार

केनेडींच्या जागेवर मॅसॅच्युसेट्समध्ये रिपब्लिकन स्कॉट ब्राउन निवडून आले. साठ राहिले नाहीत. दवाखान्यात सगळे म्हणताहेत, मेलं ते विधेयक. ज्या राज्यात जवळपास प्रत्येकाकडे विमा आहे त्याच राज्याने बाकीच्यांची वाट अडवली, हे मला सहन होत नाही.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

बाहेर बर्फाचा कहर, दवाखाना बंद. काल ब्लेअर हाउसमध्ये दोन्ही पक्ष सात तासांच्या आसपास समोरासमोर बसले, ते जवळजवळ सगळं बघितलं. न्यूयॉर्कच्या लुईस स्लॉटर यांनी सांगितलं की त्यांच्या मतदारसंघातली एक बाई मेलेल्या बहिणीची कवळी वापरते, स्वतःची करायला पैसे नाहीत म्हणून. नंतर त्याची चेष्टा झाली. चेष्टा करणाऱ्यांनी दातांच्या उपचारांचं एक बिल हातात घेऊन बघावं. मेडिकेअरसुद्धा साधारणपणे दातांचे पैसे देत नाही.

विधेयकात पुन्हा जीव आला तो कॅलिफोर्नियामुळे. अँथम ब्लू क्रॉसने स्वतःचा विमा घेणाऱ्यांचे हप्ते ३९ टक्क्यांपर्यंत वाढवायचं जाहीर केलं. मध्ये कोण बसलंय ते या महिन्यात पहिल्यांदा देशाने बघितलं.

२ मार्च, मंगळवार

आमच्या डॉक्टरांची बाजूही लिहून ठेवते. मेडिकेअरचे दर ठरवायला १९९७ चं एक सूत्र आहे, त्याप्रमाणे काल, १ मार्चपासून दरात २१ टक्के कपात लागू झाली. दरवेळी काँग्रेस ऐन वेळी ती पुढे ढकलते. या वेळी केंटकीचे सिनेटर जिम बनिंग आडवे बसले आणि मुदत हुकली. मेडिकेअरने बिलं रोखून धरली. डॉक्टर म्हणाले, "मी चार लोकांचे पगार करतो. सरकारच्या भरवशावर दवाखाना कसा चालवू?" आज रात्री तोडगा निघाला, तोही काही आठवड्यांचाच. त्यांचा अविश्वास मला समजतो. नव्या विधेयकात या सूत्राचं काहीच केलेलं नाही, ही मोठी उणीव आहे.

२२ मार्च, सोमवार

झालं. काल रात्री पावणेअकराच्या सुमाराला, २१९ विरुद्ध २१२. सिनेटचंच विधेयक प्रतिनिधिगृहाने जसंच्या तसं घेतलं, म्हणजे पुन्हा साठ मतं गोळा करायला नकोत. दुरुस्त्या वेगळ्या विधेयकातून साध्या बहुमताने. त्यातच नेब्रास्काचा तो सौदाही रद्द होतो आहे. रिपब्लिकन एकही नाही, ३४ डेमोक्रॅट विरोधात. सभापती नॅन्सी पेलोसींच्या हातात होता तो हातोडा १९६५ मध्ये मेडिकेअर पास झाली तेव्हाचा. तो जपून ठेवला होता जॉन डिंगेल यांनी; त्यांच्या वडिलांनी १९४३ मध्ये राष्ट्रीय विम्याचं विधेयक मांडलं होतं.

यातून ३ कोटी २० लाख माणसांना विमा मिळेल असा काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे. २ कोटी ३० लाख तरीही उरतील. कंपन्या राहतील, मंजुऱ्या राहतील, माझी नोकरीही राहील. पण आजारी आहे म्हणून विमा नाकारणं २०१४ पासून देशभर बेकायदा. हे मला हवं होतं त्याच्या अर्धं आहे, आणि तरीही १९६५ नंतर या देशाने आजाऱ्यासाठी केलेलं सगळ्यात मोठं काम आहे असं मी म्हणेन.

२४ मार्च, बुधवार

काल ओबामांनी २२ पेनांनी सही केली. शेजारी अकरा वर्षांचा एक मुलगा उभा होता. त्याच्या आईची नोकरी गेली, विमा गेला, आणि मग ती गेली. सही वाळायच्या आत १३ राज्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलनी फ्लोरिडातल्या कोर्टात दावा लावला.

२३ सप्टेंबर, गुरुवार

सहीला आज सहा महिने झाले. आजपासून पुढे सुरू होणाऱ्या योजनांत मुलांना २६ वर्षांपर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहता येईल. आयुष्यभराच्या खर्चाची मर्यादा घालता येणार नाही. १९ वर्षांखालच्या मुलाला आधीच्या आजारावरून नाकारता येणार नाही. या शेवटच्या कलमावर उत्तर म्हणून काही मोठ्या कंपन्यांनी कित्येक राज्यांत फक्त मुलांसाठीचा स्वतंत्र विमा विकणंच याच आठवड्यात बंद केलं.

काकांचा कोब्रा ऑगस्टअखेर संपला. २०१४ पर्यंतची सोय म्हणून नव्या कायद्याने आजाऱ्यांसाठी एक तात्पुरती योजना काढली आहे, पण तिच्यात शिरायला आधी सहा महिने विम्याशिवाय काढावे लागतात. "स्टेंट घेऊन सहा महिने? नको," काकू म्हणाल्या. मधुमेही, ५६ वर्षांच्या काकूंनी शाळेच्या कॅफेटेरियात नोकरी धरली, कारण तिथे घरच्यांसकट विमा मिळतो. पहाटे सहाला निघतात. लिबरमन यांनी त्या रविवारी तोंड उघडलं नसतं तर ही वेळ आली नसती असं माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही.

ही पानं छापायला देताना अमेरिकेतल्या मराठी वाचकांना एकच सांगते. क्लेम नाकारल्याचं पत्र आलं की बहुतेक जण गपचूप चेक लिहितात. लिहू नका. पत्रात नाकारण्याचं कारण द्यावंच लागतं, ते वाचा. अपील करायला निदान १८० दिवस असतात. डॉक्टरकडून गरजेचं पत्र घ्या, फोनवर बोललेल्या माणसाचं नाव आणि तारीख लिहून ठेवा, पाकीट रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. अपील फेटाळलं तर आजपासून नव्या योजनांत कंपनीबाहेरच्या तज्ज्ञाकडून फेरतपासणी मागायचा हक्क तुम्हाला कायद्याने दिला आहे, तो मागा. त्या स्ट्रेस टेस्टवाल्या बाईंची चाचणी आम्ही दुसऱ्या अपिलात मंजूर करून घेतली. तीन रक्तवाहिन्यांत अडथळे होते. बायपास झाली, आणि त्या आता जिना चढतात.